घरच्या मोशन सिम्युलेटरसाठी मोटर आणि कंट्रोलर निवडताना : माझा अनुभव

मोशन सिम्युलेटर, म्हणजे रेसिंग गेममधल्या गाडीप्रमाणे सीट हलवणारा सेटअप, बनवतोय म्हटलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, मोटर कुठली घेतली? माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात तिथून करूच नये. सीट किती हलवायची आणि किती जोरात हलवायची हे आधी कागदावर यायला पाहिजे, मोटर त्यातून निघते, आणि मोटरच्या स्टॉल करंटमधून (शाफ्ट अडकला की मोटर ओढते तो करंट) तिला चालवणारा कंट्रोलर निघतो.

माझा सेटअप दोन अ‍ॅक्सिसचा आहे, पिच (पुढे-मागे कलणं) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं). गाडीची जुनी सीट, तिच्याखाली प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सगळ्या बाजूंना कलू देणारा जॉइंट), मागच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक मोटर आणि मोटरने फिरणाऱ्या क्रँकपासून (आखूड दांड्यापासून) सीटच्या फ्रेमला टाय रॉड. सीट आणि क्रॉस रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, फ्रेम नऱ्ह्याला एका फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घेतली.

आता हिशोब. मी, सीट, स्टिअरिंग, पेडल सगळं धरून १०० किलो. वजनाचा मध्य क्रॉसच्या १० सेंटीमीटर मागे ठेवला, म्हणजे साधारण ९८ न्यूटन-मीटरचा मोमेंट (फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्कच). टाय रॉड क्रॉसपासून ४० सेंटीमीटरवर, म्हणजे रॉडवर २४५ न्यूटन. क्रँक ५ सेंटीमीटरचा, म्हणजे सगळा भार एकाच मोटरवर आला तरी सीट नुसती धरून ठेवायला १२ न्यूटन-मीटर लागतात. झटके द्यायचे तर अजून वर पाहिजे, म्हणून २० च्या पुढची मोटर बघायची असं ठरवलं. ५ सेंटीमीटरच्या क्रँकला ४० वर रॉड, त्यामुळे सीट दोन्ही बाजूंना सात अंशांच्या आसपास कलते, ब्रेकिंग आणि वळणं जाणवायला तेवढं भरपूर झालं. आणि वेग? या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत जायला पाहिजे, नाहीतर स्क्रीनवर गाडी वळून गेलेली असते आणि सीट नंतर झुकते, त्याने मळमळायला लागतं. म्हणजे क्रँकला ६० आरपीएमच्या वर पाहिजे.

हे दोन आकडे खिशात असले की बाजारात फिरायला मजा येते. भोसरीला जे मिस्त्री कपलिंग करून देणार होते त्यांनी पण पहिलं हेच विचारलं, "दादा, आउटपुटला किती आरपीएम आणि किती लोड? तेवढं सांगा, मग गिअरबॉक्सचं बोलू." माणूस पक्का होता.

वाइपर मोटर स्वस्त पडते आणि बरेच जण तिनेच सुरुवात करतात, पण माझ्या वजनाला ती कमी पडणार होती, आणि बऱ्याच वाइपर मोटरींमध्ये निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही दिशांना फिरवायची तर बॉडी फ्रेमपासून वेगळी ठेवावी लागते. स्टेपर मोटरला (ठराविक टप्प्यांनी फिरणारी) जास्त वेगात टॉर्क राहत नाही आणि स्टेप सुटली की आपोआप कळत नाही, तो विचार लगेच सोडला. एसी सर्व्होचा (स्वतःची पोझिशन मोजत फिरणारी मोटर) मात्र मनापासून विचार केला. ७५० वॅटची ८० एमएम फ्लँजची मोटर, २.४ न्यूटन-मीटर, ३००० आरपीएम, तिला ५ एमएम पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात ५ एमएम सरकवणारा स्क्रू) लावला तर २५० एमएम प्रति सेकंद आणि अडीच हजार न्यूटनच्या वर जोर मिळतो. रस्त्यावरचे बारीक खड्डे जाणवायला हवे असतील आणि बजेट असेल तर सर्व्होच घ्या, मी यात वाद घालणार नाही. पण चार कोपऱ्यांना चार म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो, आणि बॉलस्क्रू स्वतःहून लॉक होत नाही, लाईट गेली की रिग खाली बसतो. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते तेव्हा हे विचारात घ्यावंच लागतं.

शेवटी एमवाय१०१६ घेतली, ई-बाईकवाली २४ व्होल्ट २५० वॅट, २६५० आरपीएम, आणि तिला ४० ला १ चा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या गिअरने चाक फिरवणारा). आउटपुटला ६६ आरपीएम, आणि वर्ममध्ये तिसरा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी २४ न्यूटन-मीटरच्या आसपास उरतात. एवढ्या रेशोला वर्म सहसा उलटा फिरत नाही, पॉवर गेली तरी सीट जिथल्या तिथे. वर्मचा तोटा म्हणजे दातांमधला प्ले, मध्यावरून जाताना टक असा आवाज येतो. वजन १० सेंटीमीटर मागे मुद्दाम ठेवलं ते यासाठीच, भार कायम दाताच्या एकाच बाजूला टेकून राहतो आणि टक जवळजवळ जातो.

कंट्रोलरला सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच पाहिजे. मोटरचा शाफ्ट घट्ट पकडून बेंच सप्लायमधून ५ अँपिअर सोडले, टर्मिनलवर २ व्होल्ट दिसले, म्हणजे ०.४ ओहम, म्हणजे २४ व्होल्टला स्टॉल करंट ६० अँपिअर. शिवाय मोटर जोरात फिरत असताना एकदम उलटी केली तर तिचा बॅक ईएमएफ (फिरताना ती स्वतः तयार करते ते व्होल्टेज) सप्लायमध्ये मिळून करंट क्षणभर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो, आणि सिम्युलेटरमध्ये मोटर सतत उलटसुलटच होत असते! पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत बीटीएस७९६० चं कंट्रोलर बोर्ड सगळीकडे दिसतं, त्यावर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण त्या छोट्या हीटसिंकवर सतत तेवढा करंट चालेल असं समजू नका. छोट्या मोटरला ते छान आहे. सेबरटूथ २x३२ उत्तम आहे, एकाच बोर्डवर दोन मोटरी, प्रत्येकीला सतत ३२ आणि पीकला ६४. मी सायट्रॉनचे एमडी३०सी घेतले, एका मोटरला एक, सतत ३० आणि पीक ८०. एक बिघडला तर एकच बदलायचा, आणि ते २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम (भरभर चालू-बंद होऊन मोटरचा जोर ठरवणारा सिग्नल) घेतात हे मला महत्त्वाचं होतं. कंट्रोलरला सिग्नल देणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डचा पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचा असतो, फ्लॅटमध्ये रात्री तो आवाज नको वाटतो, पिन ९ आणि १० चा टायमर बदलून २० किलोहर्ट्झवर नेला की ऐकूच येत नाही. उलट फिरवताना कोडमध्ये छोटा रॅम्प ठेवलाय, झटका थोडा मऊ होतो पण कंट्रोलर शांत राहतो.

सप्लायची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मोटर थांबताना ऊर्जा मागे फेकते, व्होल्टेज वर चढतं आणि बरेच एसएमपीएस (मेनच्या लाईटवर चालणारे पॉवर सप्लाय) ओव्हरव्होल्टेज म्हणून बंद पडतात. म्हणून १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या, मागे आलेलं त्या पिऊन टाकतात. बॅटरीलगतच प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज, आणि लाल मशरूम बटण मोटरची पॉवर कॉन्टॅक्टरने (मोठ्या रिलेने) तोडतं. आर्डुइनोला नुसता सिग्नल देऊन थांबवायच्या भरवशावर कुणी राहू नका, आर्डुइनोच अडकला तर थांबवणार कोण?

पोझिशनसाठी १० के पॉट (फिरवलं की रेझिस्टन्स बदलणारा नॉब) थेट क्रँकच्या शाफ्टवर बसवलाय, मोटरच्या बाजूला नाही, म्हणजे गिअरचा प्लेसुद्धा त्याला दिसतो. पीआयडीमध्ये (हवी ती आणि खरी पोझिशन यांच्या फरकावरून मोटरचा जोर ठरवणारा कोड, त्यात पी, आय, डी असे तीन आकडे) आधी फक्त पी वाढवत नेला, सीट थरथरायला लागली तिथून थोडा मागे आणला आणि मग डी घातला, आय अगदी नावापुरता. तासभर रेस चालवून हीटसिंकला हात लावला तर कोमट लागतो. पुढचा अ‍ॅक्सिस ट्रॅक्शन लॉसचा (गाडीची मागची बाजू घसरल्यासारखी सरकवणारा), त्यात वजन उचलायचं नाही, नुसतं बेअरिंगवर आडवं ढकलायचंय, त्यामुळे टॉर्क कमी आणि वेग जास्त लागेल, २० ला १ चा गिअरबॉक्स पुरेल असं हिशोबात दिसतंय.