सेकंडहँड हिमालयन की ३९० ॲडव्हेंचर?

रॉयल एनफिल्डची हिमालयन बाईक घ्यायची की केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, दोन महिने ह्याच्यातच गेले राव. वापर काय तर रोज पुण्यात ऑफिस आणि शनिवार-रविवार भोर-वेल्ह्याकडचे खडी उखडलेले रस्ते.

जुनी ३९० ॲडव्हेंचर चालवून बघितली, ४३ बीएचपीची ताकद म्हणजे हायवेला नुसती पळते, पण सीट ८५५ मिमी आणि माझी उंची ५ फूट ६, खडीवर थांबलो की पाय शोधत बसायचं. जुनी हिमालयन ४११ फक्त २४ बीएचपीची, शंभरच्या पुढं दम लागतो, पण सीट ८०० मिमी आणि पुढचं चाक २१ इंची, खड्ड्यातून आरामात निघते. (ट्यूबचे टायर आहेत, पंक्चर किट घेऊनच फिरा.)

पहिली बघितलेली ४११ चकाचक होती, म्हणून मेकॅनिक मित्राला नेलं. त्यानं डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं आणि हँडल हळूच फिरवलं तर मधोमध खट्‌कन अडकलं, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलेला. खाली बॅश प्लेटही (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आत दबलेली, आणि मालक म्हणतोय फक्त सिटीतच चालवली!

शेवटी दुसरी ४११ घेतली, टाकीवर ओरखडे आहेत पण हँडल मऊ फिरतं.