येलदरी किती भरलंय?

परवा दुपारी जेवणं झाली, लाइट गेलेली, घरात सगळे आडवे, आणि रस्त्यानं मुरमाचा डंपर गेला. खिडकीची तावदानं थरथरली अन् आत्यापासून पुतण्यापर्यंत सगळ्यांच्या माना एकदम वर, पंख्याकडं. हलत नव्हता. मग सगळे परत आडवे. आमच्या हिंगोलीतल्या वसमत-कळमनुरीकडं भूकंप झाला का ते बघायला लाइट गेल्यावरच पंख्याचा खरा उपयोग, लाइट असली की फिरतच असतो, तो काय सांगणार. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 चा धक्का बसला, परत 10 जुलैला सात वाजून गेल्यावर तेवढाच. पांगरा शिंदेकडं तर जमिनीतनं गुडगुड आवाज येतात, तिकडच्या पाहुण्यांना फोनवर पावसाआधी तेच विचारावं लागतं.

आत्या तेवढी डोळे मिटूनच म्हणाली, "येलदरी किती भरलंय रे?"

हा प्रश्न ती दोन तऱ्हेनं विचारते. पावसाळ्यात विचारला तर हळदीची काळजी, कारण येलदरी धरणाचं पाणी आधी टर्बाइन फिरवून खाली सिद्धेश्वर धरणात येतं अन् तिथनं कालव्यानं आमच्याकडं. पण धक्क्यानंतर (किंवा डंपरनंतर) विचारला तर तो संशयिताला चौकीत बसवून विचारल्यासारखा असतो. काल रात्री कुठं होतास. किती पाणी होतं तुझ्यात.

लहानपणी काका आम्हाला येलदरीला घेऊन गेले होते, धपाटे, दही, ठेचा बांधून. एका अंगाला नजर पोचणार नाही एवढं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाली एवढीशी पूर्णा, हे बघून माझ्या पोटात गोळा आला. काका सांगत होते इथं तीन संच आहेत, साडेसात-साडेसात मेगावॅटचे, मिळून 22.5, तुमच्या घरातला बल्ब असल्या पाण्यावर पेटतो वगैरे. मी विचारलं, काका, ही भिंत हलली तर? काका म्हणाले, हलली तर तू विचारायला राहशील का? झालं. परत येईपर्यंत मी पाय आपटून चाललो नाही, आणि चुलतभाऊ मुद्दाम उड्या मारत होता त्याचा राग मला अजून आहे. त्याच्या लग्नातपण आठवला होता.

काका मास्तर, येताना एसटीत त्यांनी कोयना काढली. 103 मीटर उंच धरण, पाणी अडवायला लागले तसे तिकडं बारीक धक्के सुरू झाले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सहाच्या वरचा मोठा भूकंप. कोयनानगर पडलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं, मग मागून टेकू दिल्यासारखं मजबूत केलं. पाण्याच्या वजनाचा भार असतोच, पण ते खडकाच्या भेगांत झिरपून दाब वाढवतं आणि आधीच ताणात असलेल्या भेगेची पकड सुटते. म्हणजे ताण जमिनीचाच, धरणानं नुसता धक्का दिला. कोयनेचं पाणी चढलं-उतरलं की धक्क्यांचं मानही बदलतं, म्हणून तिथं गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. आत्याला हे सगळं एकदा समजावलं तर म्हणाली, म्हणजे मी म्हणते तेच की.

आता कोयनेचं कोयनेला. पण 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या आत भूकंपात किल्लारी गेली, तेव्हाही बोट आधी धरणाकडंच गेलं, माकणीच्या निम्न तेरणाकडं. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद झाले. आमचं आपलं बरंय, उन्हाळ्यात धरण जोत्याखाली गेलं की पाण्यासाठी देवाला नारळ, अन् भरलं की त्याच पाण्याकडं वाकड्या नजरेनं बघायचं. पेपरात टक्के वाचायची खोड मलापण आहे, जायकवाडीचेसुद्धा वाचतो, तिथलं थेंबभर पाणी आमच्या शेताला येत नाही तरी.

पण किल्लारीत माणसं कशाखाली गेली ते आत्याला माहिती आहे, गावातल्या सगळ्यांना माहिती आहे. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. तसली एक खोली आमच्याकडं मागच्या अंगाला अजून आहे, आजोबांच्या वेळची, उन्हाळ्यात कूलर नको इतकी गार, म्हणून आत्या दुपारची तिथंच झोपते आणि पुतण्यालाही घेऊन झोपते. भिंतीचा एक कोपरा मागच्या वर्षी फुगलाय, त्याला शेणामातीनं सारवून घेतलंय. काढू म्हणलं की म्हणते, "आधी येलदरीचं बघा."

दिवाळीच्या आत मिस्त्री सांगून ती खोली उतरवायची असं मी ठरवलंय. आत्याला अजून सांगितलं नाही. भांडण होणार, आणि यावेळी मी ऐकणार नाही.