रिळावर ब्रेडेड भरायची तर ताण घरीच द्या

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याखाली सुट्टीच्या दिवशी बघा, मासे धरायला आलेल्या बऱ्याच पोरांच्या हातात आता चांगली स्पिनिंग रिळं आलीत. लाईनही ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली. तरी अर्धी पोरं दगडावर बसून गुंता सोडवत असतात. सुटला नाही की कापतात, लाईनला शिव्या घालतात आणि पुढच्या वेळी त्याहून महाग बंडल आणतात. माझं मत पक्कं आहे: नदीवर दिसणारा बहुतेक गुंता आदल्या रात्री घरी, लाईन भरतानाच तयार झालेला असतो.

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा, उद्यमनगरात. उसाला पाणी पाजणाऱ्या पंपांच्या जळलेल्या मोटारी आमच्याकडे येतात. कॉइल सैल भरलं तर तार आतल्या आत थरथरते, इनॅमल घासतं आणि मोटार पुन्हा दारात येते. त्यामुळे गुंडाळायची वस्तू कुठलीही असो, ताण एकसारखा ठेवायची हाताला सवय आहे. रिळावर लाईन भरणं मला कॉइल भरण्यासारखंच वाटतं.

आमच्या वडिलांच्या पिढीचा सगळा खेळ तंगुसावर. तंगूस म्हणजे नायलॉन. तो ताणला की लांबतो, रिळाच्या बुडाला बांधला की आवळून बसतो. ब्रेडेडची जात वेगळी. तिचे धागे पॉलिथिलीनचे. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही नावं बंडलावर वाचली असतील, ती याच धाग्याची. चार किंवा आठ बारीक पदर वेणीसारखे विणून लाईन होते. ताकद दांडगी, ओढली तरी जवळपास लांबत नाही, पाण्यावर तरंगते. मासा आमिषाला नुसता हुंगला तरी हाताला कळतं. पण हा धागा कमालीचा गुळगुळीत असतो. कुठल्या पृष्ठभागाला तो धरतच नाही, आणि भरतानाच्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात.

मागे भाचा रीळ घेऊन दुकानात आला. "मामा, रीळ गंडलंय बघा. ड्रॅग कितीबी आवळला तरी धरंना झालाय." ड्रॅग म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन किती जोरावर सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक. दुकानदारानं फसवलं म्हणून तो तावातावानं सांगत होता. मी मार्कर घेतला आणि स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चकरीच्या, कडेपासून आत लाईनच्या थरापर्यंत एक सरळ रेघ मारली. ड्रॅग पूर्ण आवळला आणि म्हटलं, "आता वढ." त्यानं ओढलं. कडेवरची रेघ जागच्या जागी राहिली, लाईनवरची रेघ सरकून पुढे गेली. स्पूल स्थिर होतं आणि लाईनचा अख्खा गठ्ठा त्याच्यावर गरागरा फिरत होता. ड्रॅगला काही झालं नव्हतं. ब्रेडेड थेट गुळगुळीत धातूवर बांधली होती, एवढंच. ही रेघेची परीक्षा लक्षात ठेवा, रीळ दुरुस्तीला टाकायच्या आधी करून बघा.

यावर दोन उपाय. काही जण स्पूलच्या बुडाला चिकटपट्टीचा एक वेढा देतात आणि त्यावर ब्रेडेड बांधतात. चालतं. पण इन्सुलेशन टेपचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात कसा पाझरतो ते मी रोज बघतो, आणि तो चिकटा मला लाईनच्या खालीही नको असतो. म्हणून मी आधी तंगूस भरतो. नुसती पकड हवी असेल तर पाच-सहा वेढेही पुरतात. जास्त भरायचं कारण वेगळं: १५० मीटर बारीक ब्रेडेडनं मोठं स्पूल भरतच नाही. उरलेली जागा स्वस्त तंगुसानं भरून काढायची. काही स्पूलच्या बुडाला रबराची पट्टी असते, तिथं ब्रेडेड थेट बांधली तरी धरते.

तंगूस किती भरायचा याचा हिशेब सोपा आहे, पोरं उगाच घाबरतात. स्पूलवर लिहिलेलं असतं, समजा ०.३० मिलिमीटर, १८० मीटर. जाडीचा वर्ग गुणिले लांबी: ०.०९ गुणिले १८०, म्हणजे १६.२. आता तुमची ब्रेडेड पीई १.५ (पीई हा बंडलावरचा जाडीचा आकडा), म्हणजे साधारण ०.२०५ मिलिमीटर. तिचा वर्ग ०.०४२, गुणिले १५० मीटर, ६.३ झाले. वजा करा, उरले ९.९. त्याला ०.०९ नं भागा, ११० मीटर ०.३० चा तंगूस बसेल. कडेला थोडी मोकळी जागा हवी म्हणून शंभरवर थांबा.

हिशेबाचा कंटाळा असेल आणि रिळासोबत तसंच दुसरं स्पूल आलं असेल, तर त्याहून सोपं. पहिल्या स्पूलवर आधी ब्रेडेड भरा, तिला तंगूस जोडा आणि कडेच्या जरा खालपर्यंत भरत न्या. मग सगळं दुसऱ्या स्पूलवर उलटवा. तंगूस खाली जातो, ब्रेडेड वर येते, पातळी बरोबर जमते.

तंगूस आणि ब्रेडेड जोडायला मी डबल युनी गाठ मारतो. तंगुसाच्या बाजूनं चार-पाच वेढे, ब्रेडेडच्या बाजूनं सात-आठ. ब्रेडेड निसटते, तिला वेढे जास्तच लागतात. आवळण्याआधी गाठ थुंकीनं ओली करायची. पॉलिथिलीन १४५-१५० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी कमजोर पडायला लागतं. कोरडी गाठ झटक्यानं आवळली तर घासूनच धागा मार खातो. आणि ब्रेडेड बोटाला गुंडाळून कधीही ओढू नका. मांजासारखी कापते. हातमोजा नसेल तर काडीला वेढे देऊन ओढा.

आता ताण. कंपनीचं बंडल पेन्सिलीवर अडकवून समोर कुणाला तरी धरायला सांगायचं, माझ्याकडे हे काम बायको करते. बंडल गोल फिरलं पाहिजे, लाईन त्याच्या कडेवरून निसटता कामा नये. रीळ काठीवर चढवलेलं असावं आणि लाईन निदान पहिल्या गाईडमधून, म्हणजे काठीवरच्या गोल कड्यातून, ओवलेली असावी. मग सुती फडकं पाण्यात भिजवून पिळायचं आणि रिळाच्या पुढे लाईन त्या फडक्यात दोन बोटांनी चिमटून धरायची. ओल्यानं घर्षणाची उष्णता कमी होते आणि थर एकमेकांवर दाबून बसतात. हँडल सावकाश फिरवा, चिमटा शेवटपर्यंत सारखा ठेवा. मध्ये फोन आला तर वाजू द्या. एक मीटर जरी सैल गेला तरी तो वरच्या थरांखाली तसाच राहतो, आणि वर कितीही घट्ट भरलं तरी तो भरून निघत नाही.

झालं की अंगठ्यानं दाबून बघा. थर लाकडासारखा कडक लागला पाहिजे. मऊ लागला, नख रुतलं, तर सगळी लाईन काढून पुन्हा भरायची. कंटाळा करू नका. सैल थरावर मोठा मासा ओढला की वरची लाईन खालच्या थरात पाचरीसारखी घुसते. पुढच्या फेकीला ती तिथंच अडकते आणि लुअर, म्हणजे खोटं आमिष, एकटंच उडून जलपर्णीत जाऊन पडतं. नाहीतर एका वेढ्याबरोबर खालचे चार सैल वेढे उचलले जातात, गाईडपाशी त्यांचा गोळा होतो. बंधाऱ्यावर पोरं सोडवत बसतात तो हाच गोळा.

स्पूलची कड आणि लाईन यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. काठोकाठ भरली तर वेढे आपोआप सांडतात, फार कमी भरली तर कडेला घासून फेक तोकडी पडते.

पाण्यावर गेल्यावरची एक सवय: फेक झाली की बेलची, म्हणजे लाईन स्पूलवर वळवणाऱ्या तारेची, कडी हातानं बंद करा आणि लाईन एकदा हलकी ओढून ताठ करा, मग गुंडाळायला लागा. हँडल फिरवून कडी पाडली की पहिला वेढा बहुधा सैलच बसतो.

लीडर मात्र हवाच. ब्रेडेड दगडाला घासली की पदर उसवतात. बंधाऱ्याचे दगड असोत की फोंडा घाट उतरून गेल्यावर देवगडचा कातळ, पुढे मीटर-दीड मीटर जाड तंगूस किंवा फ्लोरोकार्बन लावा. मरळीसाठी जलपर्णीत खोटा बेडूक फिरवणारे ब्रेडेड थेट बांधतात, कारण तिथं वेलीतून ओढून काढायचं असतं आणि मरळीला पाण्याच्या वर काय दिसतं त्याची फिकीर नसते. ते ठीक आहे.

हंगामाअखेर लाईनचा रंग फिका पडतो. त्यानं घाबरू नका, पॉलिथिलीनला रंग नीट धरत नाही. बोटानं चाचपून खरखरीत झालेला पुढचा भाग तेवढा कापा. बाकीची लाईन उलटवली की तळातली, पाणी न बघितलेली बाजू वर येते आणि तीच १५० मीटर आणखी एक हंगाम जाते. उलटवताना ओलं फडकं पुन्हा तसंच.

कापलेले तुकडे काठावर टाकू नका, ही कळकळीची विनंती. हा धागा कुजत नाही. कळंबा तलावावर पायात लाईन अडकलेला बगळा मी पाहिलाय; जवळ जावं तर तो उडायला बघतो आणि दोरा आणखी आवळतो. माझ्या पिशवीत बूच असलेली एक रिकामी बाटली असते. सगळे तुकडे त्यात जातात. घरी आल्यावर कात्रीनं बोटभर लांबीचे करून मगच कचऱ्यात टाकतो.