पाटण्याच्या वाटेवर, दोन पायांनी

चाळीसगावहून पाटणादेवीची एसटी चुकली. रिक्षा केली, तर तीही शेवटचे तीनेक किलोमीटर उरले असताना पंक्चर. एप्रिलचं ऊन, साग उघडाबोडका, सावलीचं नाव नाही. डोक्याला रुमाल बांधला आणि निघालो.

मागून एक बाई आल्या. डोक्यावर काटक्यांची मोळी, कडेवर पोर, उरलेल्या हातात पदर. "कथा जाई राहिनात भाऊ?" असं अहिराणीत, कुठे निघालात म्हणून, विचारून उत्तराआधीच पुढे गेल्या. मी शंभर पावलांवर थांबणारा गडी!

माणूस दोन पायांवर का आला, याचं निम्मं उत्तर त्या पाठमोऱ्या चालीतच होतं. हात मोकळे, ओझं नि पोर दोन्ही सोबत. उरलेलं निम्मं ताकदीचं. आफ्रिकेत रानं विरळ होत गेली, झाडाझाडातलं अंतर वाढलं, आणि ही चाल स्वस्तात पडते. ट्रेडमिलवर मोजलंय, चिंपांझीला चालायला जेवढी ताकद लागते तिच्या साधारण चौथ्या हिश्श्यात आपलं भागतं. डोक्यावरच्या उन्हात उभ्या अंगाची पाठ कमी तापते, असंही म्हणतात. माझे खांदे भाजले, पाठ वाचली, तेवढ्यापुरतं पटलं.

डोकं मात्र मागाहून आलं. टांझानियातल्या लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेत दोन पायांचे ठसे आहेत, आपल्यासारखेच टाच टेकून चाललेले. त्या काळच्यांचा मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तो ठळकपणे वाढू लागला सुमारे २० लाख वर्षांपूर्वी. आधी चाल, मग अक्कल! हा मेंदू खादाडही भारी: वजनाच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. तो पोसायला मांस हवं, कंद हवेत, पुढे चुलीवरचं शिजलेलं. वडाखाली कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडताना हे सगळं फार सोपं वाटलं.

याच पाटण्याला सत्तरच्या दशकातल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. त्यावर समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्याफुल्यांची जाळी कोरलेली. खानदेशात शहामृग! अंडं खाऊन कवच फेकून देता आलं असतं. कुणीतरी बसून, रेघ चुकू न देता, कोरत राहिलं.

ओहोळाच्या काठी बसून मी कंबर चोळत होतो. त्याच बाई परतल्या, आता मोळी नव्हती.

"कंबर दुखस का भाऊ?"

पोर कडेवर झोपलं होतं.