बेसबॉलच्या सामन्यात एकटा अंपायर

इंदुरात मुलांच्या बेसबॉल सामन्यांना बहुधा एकच अंपायर मिळतो, आणि बघणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. हे क्रिकेटपटू कर्नल सी. के. नायडूंचे आणि त्यांच्या होळकर क्रिकेट संघाचे गाव आहे. सामन्याला आलेल्या आई-वडिलांची नजर क्रिकेटवर तयार झालेली असते, आणि क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांनी दाद मागितल्याशिवाय अंपायरला फलंदाजाला बाद ठरवता येत नाही. बेसबॉलमध्ये सेफ (नाबाद) की आऊट हे अंपायरने कोणी न विचारता, तिथल्या तिथे सांगायचे असते. दाद मागावी लागते ती मोजक्या प्रसंगी. उदाहरणार्थ, रनर म्हणजे धावणारा खेळाडू वाटेतल्या बेसला (पाय लावायच्या ठाण्याला) पाय न लावता पुढे गेला तर. म्हणजे प्रत्येक बॉल स्ट्राइक (बॅटरला मारता येईल अशा टप्प्यातला) होता की नव्हता, फटका फेअर (फाऊल लाइनच्या आत) होता की फाऊल (बाहेर), रनरने प्रत्येक बेसला पाय लावला की नाही, टॅग (बॉल धरलेल्या हाताचा रनरला स्पर्श) लागला की नाही, हे सगळे एकाच माणसाने पाहायचे असते, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मैदानाच्या दोन टोकांना एकाच क्षणी घडतात.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये १९५२ पासून साध्या साखळी सामन्यालाही चार अंपायर असतात. एकोणिसाव्या शतकात तिथेही एकट्यावरच भागवत असत, आणि अंपायरचे लक्ष बॉलकडे आहे असे पाहून रनर सेकंड बेस टाळून थेट थर्ड बेस गाठत, अशा त्या काळच्या कथा प्रसिद्ध आहेत. मुलांनाही ही पळवाट शोधायला वेळ लागत नाही, म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. चुकीचे धावूनही चालते हे बारा वर्षांच्या मुलाला एकदा कळले, की पुढे ते मोडायला कोचला फार कष्ट पडतात.

उभे कुठे राहायचे, हा पहिला प्रश्न. अंपायर एकटा असेल तर तो कॅचरमागे (बॅटरच्या पाठीशी बॉल झेलणाऱ्याच्या मागे) किंवा, बेसवर रनर असल्यास, पिचरमागेही (बॉल टाकणाऱ्याच्या मागे) उभा राहू शकतो, अशी नियमातच मुभा आहे. पिचरमागून सगळे बेस जवळ पडतात. परंतु फाऊल लाइन, बॅटरच्या अंगाला लागलेला बॉल आणि होम प्लेटवरची (बॅटरजवळच्या, धाव पूर्ण करायच्या ठाण्यावरची) झटापट या गोष्टी कॅचरमागूनच नीट दिसतात. १७ इंच रुंदीच्या प्लेटची कड कुठे आहे हेही मला तिथूनच अधिक खात्रीने कळते. त्यामुळे मी कॅचरमागची जागा सहसा सोडत नाही. मात्र मास्क आणि छातीचे पॅड नसेल, तर आयोजकांनी कितीही आग्रह केला तरी कॅचरमागे उभे राहू नये.

खरी कसोटी फटका बसल्यावर लागते. जमिनीवरून गेलेल्या बॉलवर फर्स्ट बेसचा निर्णय (आधी रनरचा पाय पोहोचला की बॉल) देताना डोळा बेसवर आणि कान ग्लोव्हच्या आवाजाकडे ठेवावा, असे प्रत्येक अंपायरला शिकवतात. हा सल्ला बेसजवळ उभ्या असलेल्यासाठी आहे. मोठ्या मुलांच्या मैदानावर फर्स्ट बेस होम प्लेटपासून ९० फुटांवर असतो, आणि तेवढ्या अंतरावरून आवाज यायला सुमारे ०.०८ सेकंद लागतात. सेकंदाला सहा मीटर धावणारे मूल तेवढ्यात जवळपास अर्धा मीटर पुढे गेलेले असते. डोळ्यांना पाय आधी दिसतो, कानांना बॉल उशिरा ऐकू येतो, आणि कॅचरमागे खिळून राहिलेला अंपायर, मनात कसलाही पक्षपात नसताना, रनरला सेफ देण्याकडे झुकतो. म्हणून बेस रिकामे असतील तर फटका बसताच मास्क काढून, फेअर-फाऊलवर एक नजर ठेवत, फर्स्ट बेसच्या दिशेने जमेल तितके पुढे धावावे आणि बॉल पोहोचण्यापूर्वी थांबावे, कारण धावताना डोळे स्थिर राहत नाहीत. बेसवर आधीच रनर असतील तर इतके लांब जाता येत नाही; मग पिचर आणि प्लेट यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात राहून फक्त कोन साधायचा. टॅगच्या निर्णयात तर अंतरापेक्षा कोन अधिक उपयोगी पडतो, कारण ग्लोव्ह आणि रनर यांच्यातली फट बाजूनेच दिसते.

सेकंड बेसची चोरी (फटका न बसताच रनरने तो बेस गाठणे) ही एकट्या अंपायरची सर्वांत अवघड जागा. बेसमधले अंतर ६० फूट असेल तर होम प्लेटपासून सेकंड बेस सुमारे ८५ फुटांवर असतो, ९० फूट असेल तर सुमारे १२७ फुटांवर; आणि फेकण्यासाठी उठलेला कॅचर नेमका नजरेआड उभा राहतो. एक पाऊल बाजूला सरकून, टॅग लागल्यानंतरही बॉल ग्लोव्हमध्ये टिकला आहे ना हे पाहूनच हात वर करावा. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इथली पुष्कळ मुले सॉफ्टबॉलमधून बेसबॉलकडे येतात. सॉफ्टबॉलमध्ये बॉल पिचरच्या हातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, तर बेसबॉलच्या नेहमीच्या नियमांत तो आधीच पुढे सरकून उभा राहू शकतो. त्यामुळे रनरने लीड घेतली की बाहेरून “सर, बेस सोडला!” असा ओरडा होतो, आणि त्याच वेळी पिचरच्या हालचालीत बाल्क (रनरला फसवणारी नियमबाह्य हालचाल) झाला का, हेही मला पाहायचे असते.

उंच उडालेला बॉल आऊटफिल्डमध्ये झेलला जात असताना थर्ड आणि सेकंड बेसवरचे दोन्ही रनर टॅग-अपसाठी (झेल होईपर्यंत बेसला पाय लावून मगच धावण्यासाठी) थांबलेले असतील, तर झेल आणि दोन्ही पाय एका डोळ्याने पाहता येत नाहीत. मी थर्ड बेसचा रनर निवडतो, कारण धाव त्याच्या पायात असते. सेकंडचा रनर लवकर निघाला अशी दाद आली तर मी सांगतो, “सर, तो मी पाहिलेला नाही, म्हणून सेफ.” जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर आऊट देऊ नये. कॅचरच्या विनवणीवरून किंवा बाकावरच्या आरड्यावरून अंदाज बांधून हात वर केला, की मुलांना तो न्याय वाटत नाही, आणि त्यांचे बरोबर असते. अर्धवट फिरवलेल्या बॅटचेही तसेच आहे: विचारायला बेसवर दुसरा अंपायर नसतो, म्हणून बॅट खरोखर फिरली असे मला दिसले तरच स्ट्राइक.

हे सगळे सामन्याआधी दोन्ही कोचना एकत्र उभे करून सांगितले पाहिजे. त्याच वेळी मैदानही पाहून घ्यावे. आपली मैदाने क्रिकेटशी वाटून घेतलेली असतात, कुंपण नसते, आणि माळव्याच्या काळ्या मातीवर मारलेली फक्की दुसऱ्या इनिंगपर्यंत पायांखाली विस्कटते. शेजारच्या क्रिकेटच्या सामन्यात बॉल शिरला तर रनरला किती बेस द्यायचे, हे आधी ठरले नसेल तर नंतर भांडणच होते.

एप्रिलच्या दुपारी मास्कमागे स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून गेलेला बॉल स्ट्राइक ठरतो ती) हळूहळू बदलू लागतो. पहिल्या इनिंगमधला गुडघ्याजवळचा स्ट्राइक शेवटच्या इनिंगमध्ये ‘बॉल’, म्हणजे स्ट्राइक नसलेला, ठरतो. प्रत्येक इनिंगनंतर पाणी प्यावे.

आयोजकांकडे माझी मागणी एवढीच आहे की बेसवर एक दुसरा माणूस द्यावा. या शहरात सॉफ्टबॉल खेळलेल्या मुला-मुलींची वाण नाही. त्यांच्यातल्या एखाद्या ताईला किंवा दादाला फर्स्ट आणि सेकंड बेसचे निर्णय, बेसला पाय लागला का ते पाहणे आणि अर्धवट फिरवलेल्या बॅटची विचारणा एवढेच काम दिले, तरी स्ट्राइक झोन, फाऊल लाइन आणि थर्ड बेस मला निवांतपणे पाहता येतील. नव्या माणसाला आधी सराव सामन्यांत उभे करावे, त्याचा निर्णय मैदानात कोणी उलटवू नये, आणि चहापाण्याबरोबर त्याला मानधनही द्यावे.