लाल थेंब
आज सुट्टीचा दिवस जुन्या गाडीच्या पोटाखाली गेला. गळणारं तेल लालसर होतं, म्हणजे इंजिनचं नाही, बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. आधी सगळं पुसून कोरडं केलं, कारण तेल वाऱ्याने मागे पसरतं आणि गळती भलतीकडेच वाटते. दोषी निघालं पॅनचं गॅस्केट, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकाच्या सांध्यातली पट्टी! दगडासारखं कडक, हात लावताच तुकडे. चिकटलेलं खरवडण्यातच जीव मेटाकुटीला आला. (काही जण नुसतं सिलंट (फट बुजवणारी पेस्ट) थापून मोकळे होतात. मला नाही पटत.) नवं गॅस्केट बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, जास्त पिळले की पत्र्याचा पॅन वाकतो. तेल भरलं, सगळे गिअर फिरवले आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पाहिली. बंद करून पाहिलं तर बहुतेक गाड्यांत माप चुकतं.