एक मे, ऊन आणि एक गोचीड

दादरच्या ज्या मराठी शाळेत मी शिकले, तिथे १ मे हा निकालाचा दिवस असे. सकाळी झेंडावंदन, मग वर्गात बसून प्रगतिपुस्तक, आणि अकराच्या आत घरी, कारण त्यानंतर उन्हात पाऊल टाकायचे नाही असा आईचा दंडक होता. महाराष्ट्र दिनाची उरलेली सुट्टी पंख्याखाली, पडदे ओढून आणि आंब्याच्या साली चोखत जाई. त्यामुळे नोकरीनिमित्त दोन वर्षे श्टुटगार्टला राहायला गेले, तेव्हा त्याच तारखेला अख्खे शहर ऊन अंगावर घेण्यासाठी घराबाहेर पडते हे पाहून मी खरोखरच बुचकळ्यात पडले.

जर्मनीत १ मे ही कामगार दिनाची सार्वजनिक सुट्टी. सभा-मोर्चे असतात, पण बहुतेकांच्या लेखी हा पायी भटकण्याचा दिवस. मित्रांची टोळकी ‘बॉलरवागन’ नावाची लाकडी हातगाडी ओढत निघतात. तिच्यात बिअर, पाव, सॉसेज आणि कधी कधी दमलेले एखादे पोर. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडणाऱ्या गावात हिवाळा काढल्यावर मला या उत्साहाचे कोडे उरले नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथे संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो आणि तो वाया घालवणे कुणालाच परवडत नाही. दुकाने मात्र झाडून सारी बंद. पहिल्या वर्षी हे लक्षात न राहिल्याने घरात दूध आणि दोन कांदे एवढाच शिधा उरला होता. मुंबईहून आणलेली थालीपीठाची भाजणी होती म्हणून सहकाऱ्यांसमोर अब्रू वाचली.

आम्ही लोकलने हेरेनबर्गला उतरलो आणि तिथून शोनबुखच्या जंगलात शिरलो. सुमारे १५६ चौरस किलोमीटरचा हा निसर्गउद्यानाचा प्रदेश आहे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण दीडपट. फाटक नाही, तिकीट नाही. मनोरंजनासाठी जंगलात फिरण्याचा हक्क तिथे कायद्यानेच सर्वांना दिलेला आहे. बीच नावाच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती. पान इतके कोवळे होते की त्यातून ऊन आरपार दिसत होते, आणि कडेला बाळाच्या कानावर असते तशी पांढरी लव होती. एका सहकाऱ्याने ते पान तोंडात टाकले आणि मलाही दिले. चव किंचित आंबट, आंबुशीची आठवण करून देणारी. लोकांच्या पायवाटेवर मात्र उन्हाचा जो तुकडा पडलेला असे, तिथे हमखास कुणीतरी डोळे मिटून, तोंड वर करून उभे असे. आपल्याकडे ‘ऊन खाणे’ हा शब्दप्रयोग आहे, पण तो पौषातल्या कोवळ्या उन्हासाठी. ही माणसे भर दुपारी पोटभर ऊन खात होती. मी पाहुणी म्हणून तीही चव घेतली आणि सुती कुडत्यात कुडकुडले, कारण ऊन असले तरी सावलीतली हवा गार होती.

मध्येच आईचा फोन आला. आपल्याकडचे घड्याळ त्या दिवसांत साडेतीन तास पुढे असते, म्हणजे तिची जेवणे आटोपून वामकुक्षीची वेळ झाली होती. “अगं, भर उन्हात कुठे भटकतेस? टोपी तरी घातलीस ना?” मी टोपी घातली आहे असे खोटेच सांगितले.

रात्री अंघोळ करताना गुडघ्यामागे तिळाएवढा काळा ठिपका लागला. नखाने खरवडला तर निघेना. नीट पाहिले तर त्याला पाय होते. गोचीड गुरांना नि कुत्र्यांना लागते एवढीच माझी समजूत होती. त्या सुट्टीच्या रात्रीही पाळीने उघडे असलेले एक औषधाचे दुकान सापडले. तिथल्या बाईंनी बारीक चिमटा दिला, कातडीलगत धरून सरळ वर ओढायला सांगितले, आणि तेल-बिल काही लावू नका असे दोनदा बजावले. पुढचे काही आठवडे तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसते का यावर लक्ष ठेवायचे होते, कारण गोचीडीतून लाइमचा आजार होऊ शकतो. तसे काही झाले नाही. आईला हे दुसऱ्या दिवशी कळले तेव्हा तिच्या आवाजात काळजी होती, आणि ती अकारण नव्हती: तिचे माहेर सिंधुदुर्गातले, जिथे दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचीडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. “तिकडे गोऱ्यांच्या रानातही असतात का?” तिने विचारले. दूरदेशी जंगल कसे असते हे सांगायला मी जे रंगीत शब्द जमवले होते, ते त्या प्रश्नापुढे निष्प्रभ ठरले.

आता परत दादरला राहते. यंदा १ मे रोजी भाच्याचा निकाल हातात पडायच्या आत, सकाळी सकाळी त्याला आणि आईला घेऊन बोरिवलीच्या उद्यानात गेले. बहावा पिवळाधमक झाला होता, आणि भाचा त्याच्याखाली तोंड वर करून उभा होता. नऊ वाजता आईने छत्री उघडली आणि घरी जाण्याचा हुकूम दिला. घरी आल्यावर मी दोघांनाही खुर्चीत बसवून गुडघ्यामागे पाहिले. भाचा हसून लोटपोट झाला, पण आईने स्वतःच साडी घोट्यांवर घेतली आणि म्हणाली, “चष्मा लावून बघ.”